फूल लागलंय!

केजला आम्ही नव्यानं राहायला आलो, त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी दारावर थाप पडली. मी दात घासत होते, तशीच ब्रश तोंडात ठेवून दार उघडायला गेले. दारात एक उंच, सडपातळ, वयस्कर गृहस्थ उभे. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात मात्र घरातल्या स्लिपर. मी काही विचारायच्या आत त्यांनी उजव्या हाताची मूठ तोंडासमोर धरली आणि नाकातून सूर लावला,

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. साळवे यांच्या अंगणात फूल लागलेले आहे. सदर फूल आज दिवस मावळण्यापूर्वी सुटेल. इच्छुकांनी त्वरित यावे. धन्यवाद."

मग मूठ खाली घेतली आणि साध्या घरगुती आवाजात म्हणाले, "चला बाई. ब्रश राहू द्या तोंडातच, चालतंय."

हे आमचे शेजारी, साळवे मामा.

मामांची सगळी नोकरी एसटीत गेली आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं बसस्थानकावर कंट्रोलर म्हणून. गाडी फलाटाला येऊन उभी राहिली की ती 'लागली', निघाली की 'सुटली', हे माईकवरून गावाला सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होताना खुर्ची, माईक, टेबलावरचा पंखा सगळं त्यांनी तिथंच सोडलं, पण भाषा तेवढी घरी घेऊन आले. दूधवाला उशिरा आला की "लेट हाय आज." कॉलनीतली सगळी पोरं 'हाफ'. पाहुण्यांचे प्रकार तीन. चहा पिऊन जाणारे जलद, जेवून जाणारे साधे आणि अंथरूण मागणारे मुक्कामी. मी शाळेत शिकवते, भरभर बोलायची सवय. दुसऱ्याच भेटीत त्यांनी मला थांबवलं. "बाई, तुमी विनाथांबा बोलता. मधी मधी थांबे घ्या, मानसं चढू द्या."

माझे यजमान सुनील रोज अंबाजोगाईला नोकरीला जाऊन येऊन करतात. त्यांचं नाव मामांनी कधीच विचारलं नाही. संध्याकाळी कुंपणावरून मला हाक यायची, "बाई, अंबाजोगाई आली का?"

तर ते फूल. मामांच्याच भाषेत सांगायचं तर ते मुक्कामी नव्हतं, आणि सगळा घोळ तेवढाच होता.

घराच्या उत्तरेच्या भिंतीला, खिडकीखाली, सावलीत हे झाड होतं. झाड तरी कसलं, गुडघ्याएवढं रोप. हिरवी, लांब, चपटी पानं एकाच बुडातून पंख्यासारखी पसरलेली. शहरातले रोपवाटिकावाले त्याला आयरिसच्या घराण्यातलं म्हणतात. आमच्या कॉलनीत त्याला 'चालतं झाड' म्हणायचे. त्याचं कारण असं की, त्याचं फूल पानासारख्याच दिसणाऱ्या एका दांड्याच्या टोकाशी येतं. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटून पिळलेल्या चिंधीसारखं होतं. मग त्याच जागी एक छोटं रोप फुटतं. त्याच्या वजनानं दांडा वाकत वाकत जमिनीला टेकतो, रोप तिथं मूळ धरतं आणि मोठं झालं की तिथून पुढं दांडा टाकतं. भिंतीजवळच्या एका कुंडीतून निघालेलं हे झाड असं चालत चालत पाण्याच्या हौदापर्यंत येऊन पोचलं होतं. नवं रोप जमिनीला टेकलं की मामा कुंपणावरून ओरडायचे, "जादा गाडी सुटली!"

आमच्याकडचं ऊन हे असल्या नाजूक झाडाचं काम नव्हे. मामांनी त्याच्यावर बायकोच्या जुन्या सुती साड्या ताणून बांधल्या होत्या. टँकरचं पाणी आठवड्यानं यायचं, म्हणून ते बादली घेऊन कॉलनीतल्या प्रत्येक स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. "तांदूळ धुतलेत का? डाळ धुतली का?" कुणी साठवलेलं चांगलं पाणी देऊ केलं तर घ्यायचे नाहीत. "त्ये तुमाला प्यायला ठेवा. मला धुवनच द्या."

इथपर्यंत ठीक होतं. शौक असतात माणसांना. पण फूल बघायला गेलं की खरी परीक्षा सुरू व्हायची. नुसतं बघून निघता येत नसे. खिडकीखाली उभं राहायचं आणि फूल कसं आहे ते मोठ्यानं सांगायचं.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "छान आहे."

मामांचा चेहरा पडला. "छान म्हंजी? फलाटावर छान गाडी लागली हाय, आसं मी माईकवर सांगितलं, तर तुमी बसताल कशात?"

"पांढरं आहे."

"किती पाकळ्या?"

"तीन. मोठ्या."

"आन् मधी?"

"मधे निळं काहीतरी आहे."

"जरा मोठ्यानं. पार तिकडं ऐकू गेलं पायजे."

मी मोठ्यानं सांगितलं. तोंडातला फेस त्यांच्या अंगणात सांडला. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

कॉलनीत या प्रकाराची धास्ती होती. मामांच्या स्लिपरचा आवाज आला की सुनील न्हाणीघरात शिरून नळ सोडायचे. मेडिकलवाले देशमुख काका एकदा सापडले, तर घाईत म्हणाले, "कालच्यासारखंच हाय की." मामा त्यांच्याकडं बघतच राहिले. "काका, कालचं कालच सुटलं. ह्ये आजचं हाय." सुनीलही एकदा सापडले. त्यांनी फुलाकडं नीट निरखून पाहिलं आणि सांगितलं, "आमच्या साहेबांच्या मोबाईलच्या कव्हरसारखं आहे." मामांनी त्यांना काही न बोलता फाटकापर्यंत पोचवलं.

मला वाटायचं, माणसाला कौतुकाची हौस आहे. आयुष्यभर गाव ज्याचं ऐकत आलं त्याचं आता कुणी ऐकत नाही, म्हणून हा खटाटोप. मी सांगून टाकायची, "पांढरं, तीन पाकळ्या, आत निळं," आणि शाळेला पळायची.

एका सकाळी मी अशीच पाठ म्हणून निघाले, तर खिडकीच्या जाळीमागून बाईचा आवाज आला, "बाई, आतलं निळं गडद हाय का फिकं? तेवढं सांगून जा."

मी दचकले. जाळीपलीकडं, पलंगाच्या कडेला, एक बाई बसल्या होत्या. चेहरा माझ्याकडं होता, पण नजर माझ्या जरा बाजूला, भिंतीवर कुठंतरी.

मामांनी तोंडासमोरची मूठ खाली घेतली. "ही आमची रत्ना," ते म्हणाले. आवाजातला माईक एकदम बंद पडला होता. "हिला दिसत न्हाई."

मी परत फुलापाशी गेले. खरं सांगायचं तर त्या दिवशी पहिल्यांदा ते फूल मी पाहिलं. "गडद आहे मावशी. दौतीतल्या शाईसारखं."

"हां," मावशी म्हणाल्या. "मग पानी बराबर पडायलंय."

पुढची हकिकत मला तुकड्या-तुकड्यानं कळली. झाड मावशींचं होतं. त्या अंगणवाडीत होत्या. कसल्याशा प्रशिक्षणाला अंबाजोगाईला गेल्या असताना तिथं एका बंगल्यात त्यांनी हे फूल पाहिलं आणि मालकिणीकडून एक रोप मागून, ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून आणलं. त्यानंतर साखरेचा आजार झाला, आणि मामा निवृत्त व्हायच्या सुमारास डोळे गेले. ऑपरेशन झालं, पण तोवर उशीर झाला होता.

हे कळल्यावर मी सकाळी पाच मिनिटं आधी उठायला लागले. आज एका पाकळीवर मुंगी आहे, आज दोन फुलं एकमेकांकडं पाठ करून आहेत, असं काहीबाही सांगायची. मावशी जाळीमागून प्रश्न विचारायच्या. मामा शेजारी उभे राहून माझ्या तोंडाकडं बघत असायचे, मी एखादा शब्द गाळते की काय म्हणून. मी एकदा विचारलं, "मामा, तुम्हीच का नाही सांगत?"

"मला येत न्हाई," ते म्हणाले. "मला आकडे येतात. किती लागले, किती सुटले. रंगाचं मला कदी जमलंच न्हाई."

त्या एप्रिलात ऊन फार कडक पडलं. एका दुपारी हौदातून बादली उचलताना मामा चक्कर येऊन पडले. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. सलाईन लावली. मी भेटायला गेले तर मला जवळ बोलावून म्हणाले, "बाई, हौदाजवळच्या रोपाला एक कळी हाय. उद्या लागंल. मी हितं आडकलोय. तुमी सांगा जाऊन. आन् छानबिन म्हनू नका."

दुसऱ्या दिवशी मी गेले. पुण्याची त्यांची मुलगी आली होती, ती डबा घेऊन दवाखान्यात गेलेली. मावशी घरात एकट्याच. मी फूल पाहिलं, आत जाऊन त्यांच्याजवळ बसले आणि जमेल तेवढं नीट सांगितलं. त्या ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "बसा. पोरीला चहा कर म्हनलं आसतं, पन ती न्हाई, मलाच करावा लागंल आन् तुमाला भ्या वाटंल."

मग हसल्या. आणि म्हणाल्या, "त्या फुलाचं मला समदं पाठ हाय बाई. मी लावलंय त्ये. दहा वर्सं सकाळी त्येच बगितलंय. मला कुनी सांगायची गरज न्हाई."

"मग रोज ऐकता कशाला?"

"मी फुलाचं कुठं ऐकते? सकाळचं ह्ये घरी हायत, मानसांना हाका मारायलेत, त्ये ऐकते. माझे डोळे चांगले होते तवर ह्यो मानूस सकाळी घरात कदी दिसला न्हाई मला."

बाहेर कुणाची तरी गाडी गेली. मावशी ती लांब जाईपर्यंत थांबल्या.

"त्येंला वाटतंय, माझे डोळे त्येंच्यामुळं गेले. डॉक्टरनी तपासायला बोलवलं होतं. ह्ये म्हनायचे, रजा मिळाली की जाऊ. आता रजा काय मिळतीय? मी एकटी गेले आसते. कोपऱ्यावरून गाडी जाती, कंडक्टर घरच्यासारखा. पन मलाच वाटायचं, ह्या मानसानं एक दिवस माझ्यासाठी काडावा. एकच दिवस. मी आडून बसले. ह्ये आले न्हाईत आन् मी गेले न्हाई." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "हट्टच होता माझा."

"हे तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"सांगितलं तर त्येंला हलकं वाटंल का आनखी वाईट वाटंल, ह्ये मला उमजंना. म्हनून गप हाय."

मामा घरी आले, पण बदलून आले. शर्टाला इस्त्री नव्हती. दाराबाहेर पडेनात. चार दिवस गेले, पाच गेले, कुणाच्याही दारावर थाप नाही. कॉलनीला ती शांतता सवयीची व्हायला हवी होती, पण झाली नाही. देशमुख काका दुकान उघडायच्या आधी साळव्यांच्या फाटकाकडं बघून जायचे. एका सकाळी सुनील न्हाणीघरातून डोकं बाहेर काढून म्हणाले, "आज पण आले नाहीत?"

मी चप्पल घातली आणि गेले.

मामा झाडासमोर पाटावर बसले होते. समोर एक फूल पूर्ण उमललेलं. मोसमातलं बहुतेक शेवटचंच, कारण बाकी सगळ्या दांड्यांना रोपं धरली होती. खिडकी उघडी होती.

"फूल लागलंय की मामा," मी म्हटलं. "सांगितलं नाहीत."

"रिकामी जाऊ द्या आज," ते म्हणाले. "रिकाम्या बी जातात गाड्या."

मी हौदाच्या कठड्यावर बसले. शाळेला उशीर होणार होता, होऊ दिला.

"बाई, ही रोज सकाळी म्हनायची," मामा फुलाकडं न बघता बोलायला लागले. "फूल आलंय, जाताना बगून जा. मी म्हनायचो, परळी लागलीय, सोडायची हाय, संध्याकाळी बगतो. संध्याकाळी काय ऱ्हातंय? चिंधी. मी हसायचो हिला. म्हनायचो, तुझं फूल म्हंजी आफवा हाय, आख्ख्या गावात एकटीलाच दिसतंय." त्यांनी पाटाजवळचं एक वाळकं पान उचललं. "मग म्हनायला लागली, डोळ्याला धूर आल्यासारखं होतंय. म्हनलं, लग्नसराई होऊ दे, जाऊ. लग्नसराई झाली, शाळांना सुट्ट्या लागल्या. जादा गाड्या. मग दिवाळी. माझ्याबिगर स्टँड चालत न्हाई, आसं मला वाटायचं. आता मी न्हाई तितं. चालतंय की स्टँड. मजेत चालतंय."

मी कठड्यावरच जरा त्यांच्या बाजूला सरकले.

"समद्या गावाच्या गाड्या टायमावर सोडल्या बाई मी. हिची तेवढी चुकली."

आत पलंग करकरला. मग दाराची कडी वाजली. मावशी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या, एक हात चौकटीला. इतक्या महिन्यांत मी त्यांना घराबाहेर पाहिलं नव्हतं.

मामा घाईनं उठायला लागले. "रत्ना, पायरी हाय."

"म्हाईत हाय. माझं बी घर हाय ह्ये."

भिंतीला हात लावत, पायानं चाचपत त्या आल्या. खिडकीखाली येताच थांबल्या, एक पाऊल उजवीकडं सरकल्या आणि बरोबर झाडासमोर खाली बसल्या. हात पुढं केला. आधी पानाची कड सापडली, मग दांडा. दांड्यावरून बोटं वर सरकायला लागली.

"मोडंल," मामा म्हणाले.

"तुमी गप बसा जरा."

बोटं फुलापर्यंत पोचली. एवढ्या हळू मी कुणाला कशाला हात लावताना पाहिलं नाही.

"ह्या बगा भायरच्या तीन," मावशी म्हणाल्या. "पांढऱ्या. ह्येंच्या बुडाशी, पार आत, पट्टे हायत. पिवळट, तपकिरी. वाघाच्या अंगावर आसतात तसे. दिसले का?"

मामा पाटावरून खाली उतरले आणि गुडघ्यांवर आले. वाकून पाहिलं. "हायत की," ते म्हणाले.

"आन् ह्या आतल्या तीन. बारक्या. ह्या सरळ न्हाईत. टोकाला वळून आत बसल्यात, बाळाची बोटं मिटतात तशा. निळं त्येंच्यावर हाय. पन निळ्यात पांढऱ्या रेघा बी हायत. बगा."

"हायत," मामा म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "ह्ये मला कदी दिसलंच न्हाई."

"दिसंल कसं? तुमी फुलाकडं कुठं बगत होता? तुमी येनाऱ्यांच्या तोंडाकडं बगायचा, काय सांगायलेत म्हनून. समदं ऐकू यायचं मला. बाई बोलायल्या की तुमचा आवाज तिकडून यायचा, खालून न्हाई."

मामांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत घातला.

"आता तुमी सांगा," मावशी म्हणाल्या.

"मला येत न्हाई, रत्ना."

"कुनाला घाई हाय? दिवसभर हाय त्ये."

मी उठले. मला तिथं थांबायचं काही कारण नव्हतं, पण फाटकाची कडी वाजू नये म्हणून मी ती हातात धरून उभी राहिले. मामा दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून, फुलाच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघत होते. चष्मा नाकावरून घसरला, तो त्यांनी वर केला, परत बघायला लागले.

"एक पाकळी जरा फाटलीय," शेवटी ते म्हणाले.

"कुठली?"

"तुझ्या बाजूची."

मावशींनी बोट तिकडं नेलं. फाटलेली कड त्यांना सापडली, आणि बोट त्यांनी तिथंच ठेवलं.